सगळ्यात झिजलेला पैसा

श्रीनिवास पैठणकरांना उस्मानपुऱ्यात कुणी फसवू शकत नाही, हे सगळ्यांना मान्य होतं. एकट्या पैठणकरांना ते मान्य नव्हतं. आपल्याला रोज कुणी ना कुणी फसवतंच आहे, फक्त तो अजून हाती लागलेला नाही, अशी त्यांची पक्की खात्री होती.

त्यात त्यांचा सगळाच दोष होता असं नाही. माणूस वजनमापे खात्यात निरीक्षक होता. मापाच्या तळाला चिकटवलेलं मेण, तागडीच्या पारड्याखालचा लोहचुंबक, आतून पोखरलेलं किलोचं वजन, असल्या गोष्टी शोधण्यात उभी नोकरी गेली. निवृत्तीनंतर खातं सुटलं, पण संशय पेन्शनीसारखा चालूच राहिला. भाजी आणायला जाताना ते खिशातून स्वतःचा ताणकाटा नेत. दूधवाल्यासमोर दुधात काचेची नळी सोडून पाणी किती ते बघत. उमाताईंनी त्यांच्याबरोबर बाजारात जाणं कधीच सोडलं होतं. "भाजीवाल्या मला बघून तोंड फिरवतात हो," म्हणायच्या, "मी काय पाप केलंय?"

अशा माणसाला जुन्या नाण्यांचा नाद लागला नसता तरच नवल. सुरुवात निजामाच्या तांब्याच्या पैशांपासून झाली. मग मुलानं, चिन्मयनं, ओहायोहून वाढदिवसाला एक जुना अमेरिकन तांब्याचा पैसा आणला आणि पैठणकरांना निजाम फिका वाटायला लागला. तिथली टांकसाळ नुकतीच सुरू झालेली होती त्या काळातले ते पैसे, आपल्या ढब्बू पैशाएवढे मोठे आणि जाड. ठसे हातानं कोरलेले, त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन नाण्यांत बाईच्या केसांची बटसुद्धा वेगळी. कुठला पैसा कुठल्या ठशातून निघाला हे ओळखायचं, आणि मग त्याची प्रत ठरवायची. प्रत ठरवण्याची रीत पैठणकरांच्या स्वभावाला अशी काही बसली की विचारू नका. आधी नुसती झीज बघायची. मग ओरखडा, खड्डा, खाऱ्या हवेनं खाल्लेली कड, कुणी घासूनपुसून चमकवलेलं असेल तर ते, असा एकेक दोष धरून वजा करत जायचं. माणसांच्या बाबतीत ते झीज बघायच्या भानगडीत पडत नसत. थेट वजा करायला लागत.

शहरातले नाणीवाले त्यांना मानत, हे मात्र खरं. कुणी नाणं आणलं की पैठणकर ते खिडकीपाशी नेत, भिंग लावत, तिरपं धरत, उलटं करत. समोरचा श्वास रोखून बसलेला असे. बऱ्याच वेळानं ते एकच शब्द बोलत, "बघितलं." त्याच्या आधी त्यांनी कधी बरंवाईट काही सांगितलेलं कुणाला आठवत नाही.

त्यांच्या संग्रहातला जीव की प्राण म्हणजे सतराशे चौऱ्याण्णव सालचा एक पैसा. दिसायला अगदी गबाळा. मोकळ्या केसांची बाई, तिच्या मागं काठीवर अडकवलेली टोपी, आणि बाकी सगळं गुळगुळीत होत आलेलं. पण तो ज्या ठशातून निघाला होता तो ठसा लवकर तडकला होता, आणि त्याचे फार थोडे पैसे जगात उरले होते. ही गोष्ट पैठणकरांनी घरात कुणाला सांगितली नव्हती. सांगितलं की फुटतं, हा त्यांचा नियम. इतर नाण्यांसारखाच तोही आतून सुती कापड लावलेल्या कागदी पाकिटात, कपाटाच्या खणात, शंभर पाकिटांच्या गर्दीत बसलेला होता.

त्या हिवाळ्यात मुलगी सई बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. बाळ-बाळंतिणीच्या अंघोळीसाठी उमाताईंनी मुकुंदवाडीहून दगडाबाईला बोलावलं. साठीची, उंच, कपाळावर रुपयाएवढं ठसठशीत कुंकू, कमरेला कापडी बटवा. ती पाटावर पाय पसरून बसे, पोटऱ्यांवर बाळाला पालथं घाली आणि असं काही चोळी की पैठणकरांना दाराबाहेर धडकी भरे.

"हळू हो जरा," ते ओरडत.

"साहेब, निम्मी मुकुंदवाडी माझ्या पायांवर न्हालीय," दगडाबाई आतूनच म्हणे. "तुमी पेपर वाचा."

पोरगं रडकं होतं. रडून रडून त्याची बेंबी फुगून वर यायची. सईनं डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, बाळ वाढेल तशी आपोआप बसेल, काही करू नका. सई स्वतः औषधशास्त्र शिकलेली. तिनं घरी येऊन आईला आणि दगडाबाईला समोर उभं करून बजावलं, "काही म्हणजे काही करायचं नाही. तुमचे जुने उपाय बाळावर चालणार नाहीत." दोघींनी शहाण्या मुलींसारख्या माना हलवल्या.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी पैठणकरांच्या कपाटात चोरी झाली.

सिल्लोडचे बद्रीनाथ म्हणून कापसाचे व्यापारी होते, त्यांनाही नाण्यांचा नाद. ते येऊन जुने पैसे बघून गेले. त्यांच्या पुढ्यात मांडलेली पाकिटं पैठणकरांनी दुसऱ्या दिवशी खणात परत लावायला घेतली. चौऱ्याण्णवचं पाकीट हाताला हलकं लागलं. आयुष्यभर वजनं पेललेला हात तो, त्याला तराजू लागत नव्हता. त्यांनी पाकीट उलटं केलं. आतून एक रुपया पडला. आपला साधा, स्टीलचा, चालू रुपया.

चोरी तर चोरी, वर ही थट्टा! पैसा घेतला आणि त्याच्या जागी किंमत म्हणून एक रुपया ठेवला. म्हणजे चोर साधासुधा नव्हता. शंभर पाकिटांतून त्यानं नेमकं हेच उचललं होतं. जाणकार होता आणि वर निर्लज्जही.

दुसऱ्या कुणीही आधी बायकोला हाक मारली असती. पैठणकरांनी खण बंद केला, चेहरा सरळ केला आणि बाहेर येऊन चहा मागितला. बोललो तर चोर सावध होईल, हा त्यांचा हिशेब. ते गप्प बसले आणि पाळत ठेवायला लागले. बद्रीनाथांना फोन लावून उगीच कापसाचं विचारलं, आणि पलीकडच्या आवाजात कंप आहे का ते ऐकत राहिले. कंप नव्हता. हेच जास्त संशयास्पद, असं त्यांना वाटलं. मग सईच्या सासरची मंडळी बाळ बघायला आली होती ते आठवलं. तिचा दीर त्या खोलीत मोबाइल चार्ज करायला गेला होता. जेवताना पैठणकर एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत आणि घास हातातच राही. उमाताई म्हणाल्या, "बीपी वाढलंय का तुमचं?" त्यांनी उमाताईंकडेही जरा जास्तच वेळ बघितलं.

शेवटी त्यांनी तो रुपया भिंगाखाली धरला. आकड्याच्या खाचेत लाल कण अडकले होते. गंज म्हणावं तर स्टीलवर असा लाल गंज येत नाही. त्यांनी बोटानं घासून बघितलं. कुंकू!

उमाताई टिकली लावायच्या. सई काहीच लावत नसे. या घरात बोटाला कुंकू लागलेलं एकच माणूस रोज येत होतं. इतका सरळ पुरावा पैठणकरांना नोकरीतसुद्धा क्वचित मिळाला होता. दगडाबाईला नाण्यातलं काय कळतं, हा प्रश्न त्यांच्या मनात आला, नाही असं नाही. पण तिला कुणीतरी शिकवून पाठवलं असेल, बद्रीनाथच असेल, असं म्हणून त्यांनी तीही फट बुजवून टाकली.

दुसऱ्या दिवशी उमाताई डिंक आणि खोबरं आणायला गुलमंडीवर गेल्या होत्या. सई शेकशेगडी घेऊन झोपली होती. दगडाबाईनं बाळाला न्हाऊ घातलं, धुरी दिली, दुपट्यात घट्ट गुंडाळलं आणि खांद्यावर टाकून ती उमाताईंची वाट बघत दारात उभी राहिली. पैठणकर समोर आले.

"दगडाबाई, तुमचा बटवा दाखवा."

तिला कळलं नाही. "सुपारी पाह्यजे का साहेब?"

"सुपारी नको. माझ्या कपाटातलं नाणं गेलंय. तांब्याचं. तुमच्या बोटाचं कुंकू तिथं सापडलंय. गुपचूप दाखवा, म्हणजे आवाज होणार नाही."

आवाज न होण्याची भाषा करता करता त्यांचाच आवाज चढला होता. समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं. तिथल्या तनुजाला सातवा महिना होता आणि तिच्या बाळंतपणाला दगडाबाईच ठरलेली होती. खालून जिना चढणारा कुणीतरी मधेच थांबला.

दगडाबाईच्या चेहऱ्यावरून काहीतरी झरकन सरकून गेलं. पैठणकरांनी ते टिपलं. चोराचा चेहरा असाच होतो. तिनं ओठ उघडले, आत सई झोपली होती त्या खोलीकडे बघितलं आणि ओठ मिटले. ते बघणंही पैठणकरांनी टिपलं.

"लेकराला घ्या आधी," ती म्हणाली, "मंग बघा बटवा."

तिनं बाळ त्यांच्या दोन्ही हातांत दिलं. पैठणकरांनी त्याला पोटाशी धरलं. दुपट्याच्या आत काहीतरी टणक लागलं. कपड्याची गाठ असेल म्हणून त्यांनी हात जरा सरकवून घेतला. दगडाबाईनं बटवा सोडला आणि उंबऱ्यावर उपडा केला. सुपारीची खांडं, अडकित्ता, चुन्याची डबी, लवंगा, रिक्षासाठी दुमडलेली एक नोट. तिनं बटव्याची शिवणसुद्धा उलटून दाखवली.

"बघितलं?"

घरी नेऊन ठेवला असेल, असं पैठणकरांच्या मनात चाललं होतं. आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. दगडाबाईनं सगळं गोळा केलं.

"उद्यापासून येत नाय," म्हणाली, आणि जिना उतरून गेली. तनुजाचं दार हळूच लागलं.

तासाभरानं उमाताई आल्या. तोवर सई उठली होती, तिला सगळं कळलं होतं, आणि बापलेकीची जुंपली होती. उमाताईंनी अर्धं ऐकलं आणि पिशवी जमिनीवर टाकली. "बाळ कुठंय?"

"झोपलंय. त्याचं काय मधेच?"

त्या पाळण्यापाशी गेल्या. दुपटं सोडलं, झबलं वर केलं. बाळाच्या पोटाभोवती मऊ पांढऱ्या कापडाची पट्टी बांधलेली होती. ती उलगडली. बेंबीवर, एरंडेलात माखून, चौऱ्याण्णवचा पैसा बसलेला होता.

"हाच का तुमचा?"

भिंगाची गरज नव्हती. मोकळे केस, मागं टोपी.

"बेंबीवर तांब्याचा पैसा बांधतात," उमाताई म्हणाल्या. "आताची नाणी सगळी स्टीलची. तुमच्याकडं ढीगभर तांबं पडलंय. त्यातला सगळ्यात झिजलेला बघून घेतला मी. म्हटलं, चांगली चांगली नाणी तुम्हाला राहू द्यावीत. शिवाय गुळगुळीत, बाळाला टोचणार नाही."

"आणि तो रुपया?"

"पाकीट रिकामं कसं ठेवायचं? शुक्रवार होता. देवापुढच्या करंड्यातलं कुंकू लावलं आणि ठेवला."

देवघर कपाटाच्या शेजारच्याच कोनाड्यात होतं. पैठणकर रोज सकाळी तिथं हात जोडत. त्या करंड्यातलं कुंकू त्यांना परकं वाटलं होतं, याची त्यांना इतकी लाज वाटली की क्षणभर काही दिसेना.

सई आईवर उसळली, "मी नको म्हटलं होतं ना!" आणि मग एकदम थांबली. "पण मग दगडाबाई बोलल्या का नाहीत? एका शब्दात सुटल्या असत्या."

"मी शपथ घातली होती तिला," उमाताई म्हणाल्या, "तुला कळू द्यायचं नाही म्हणून. अंघोळीनंतर बांधायचा, तू उठायच्या आत मी काढून घ्यायचा." त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही एकदा तरी मला विचारायचं होतंत. इतके दिवस गप्प बसून पाळत ठेवत होतात? माझ्यावरसुद्धा?"

पैठणकरांची नजर पाळण्याच्या दोरीकडे वळली. उमाताईंना उत्तर मिळालं. त्या पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या.

संध्याकाळी पैठणकर स्कूटरनं मुकुंदवाडीला गेले. रेल्वे स्टेशनामागच्या वस्तीत घर सापडायला वेळ लागला नाही, दगडाबाईला सगळेच ओळखत होते. तिचा नवरा कडूबा बाहेर बाजेवर बसला होता. त्यानं पाहुण्यांना जागा करून दिली नाही. दगडाबाई दारात आली.

"चुकलं माझं," पैठणकर म्हणाले. हे दोन शब्द त्यांना रस्ताभर जमवावे लागले होते.

"पैसा सोडला का बेंबीवरचा? लई येळ ठिवू नगा, वळ पडतो."

"सोडला. तुम्ही तेव्हाच का नाही..."

"उमाताईची शपथ होती. शपथ मोडून मी कशाला सांगू? पर तुमच्या हातात लेकरू दिलं का नाय? म्हनलं, साहेब भिंग लावून समदं बघतेत. हातातलं तरी कळंल."

पैठणकरांनी मान खाली घातली. त्या टणक गाठीवरून हात सरकवल्याचं त्यांना आठवलं.

"तनुजाबाईचा फोन आला व्हता," दगडाबाई म्हणाली. "सध्या नको म्हनाली. पलीकडच्या बिल्डिंगीतलं एक घर होतं, त्येनीबी नको सांगितलं. दुसऱ्याच्या घरात लेकराच्या अंगाला हात लावायचं काम हाय माझं साहेब. त्यात एकदा नाव गेलं की गेलं. तुमी इथं येऊन माफी मागितली, ती ह्या बाजेनं ऐकली. त्याचा मला काय उपेग?"

"मग मी काय करू?"

"मी येते उद्या. लेकराचं अंग अजून भरलं नाय. पर जाताना तुमच्या गेटावर उभी राहीन आन बटवा उघडीन. तुमी बघायचं आन मोठ्यानं सांगायचं. समद्या बिल्डिंगीला ऐकू गेलं पाह्यजे."

"एकदा?"

"रोज. सव्वा महिना सरंपर्यंत."

पैठणकरांनी ते कबूल केलं. दुसरं करणार काय? दुसऱ्या दिवशी गेटवर, शाळेच्या रिक्षा आणि दूधवाल्याच्या गर्दीत, दगडाबाईनं बटवा पसरला. सुपारी, अडकित्ता, चुना, लवंगा. वॉचमन कृष्णा खुर्चीवरून उठून बघायला आला. पैठणकर बटव्यावर वाकले.

"बघितलं," ते म्हणाले.

"मोठ्यानं, साहेब."

"बघितलं! काही नाही! दगडाबाईंकडं आमचं काही नाही!"

पहिले काही दिवस लोक बटव्याकडे वाकून बघायचे. मग बटव्याचं कौतुक संपलं आणि लोक पैठणकरांकडे बघायला लागले. दूधवाला तर मुद्दाम गाडी बंद करून थांबायचा. त्याच्या मनाला त्या वेळी किती गार वाटत असेल, ते पैठणकरांना चांगलं कळत होतं. एक दिवस सर्दीनं त्यांचा घसा बसला, तेव्हा दगडाबाई म्हणाली, "आज हळू बोला, चालंल. पर बोला." तनुजा एकदा गच्चीवरून उतरताना थांबली, दोघांकडे बघत राहिली, आणि जाता जाता दगडाबाईला म्हणाली, "मावशी, माझ्याकडचं पक्कं धरा हं." तरी दगडाबाईनं दुसऱ्या दिवशी बटवा उघडलाच.

पैसा पाकिटात परत गेला होता. त्यावर बाळाच्या अंगाचं तेल मुरून एक तपकिरी तुकतुकी आली होती. एरवी त्यांनी ती दोष म्हणून वजा केली असती. त्यांनी दोनदा भिंग उचललं आणि दोन्ही वेळा खाली ठेवलं. कुंकू लागलेला रुपया त्यांनी वेगळ्या पाकिटात घालून शेजारीच लावला. बाळाची बेंबी अजून रडताना फुगत होती. डॉक्टर म्हणाले होते तेच, वेळ लागेल.

सव्वा महिना सरला. उमाताईंनी दगडाबाईची ओटी भरली, साडी दिली. सईनं बाळाला तिच्या पायांवर घातलं. पैठणकर सवयीनं आधीच खाली जाऊन गेटवर उभे होते. दगडाबाई आली. बटवा कमरेला होता आणि आज चांगला फुगलेला दिसत होता. कृष्णा खुर्चीतून उठला. दूधवाल्यानं गाडी बंद केली.

तिनं बटव्याला हात लावला नाही.

"आज नाय दाखवत," ती म्हणाली. "आज न बघता सांगा."

पैठणकर गांगरले. न बघता त्यांनी आयुष्यात कशाला खरं म्हटलं नव्हतं. दुधाला नाही, सोन्याला नाही, पोटच्या पोरांच्या मार्कांनासुद्धा नाही. आणि नेमकं आजच का नाही दाखवत, हा विचार मनात सरसरून वर आलाच. एवढा फुगलाय कशानं? त्यांना स्वतःचीच किळस आली. पण आला तो आला.

"दगडाबाईंकडं आमचं काही नाही," ते सगळ्या बिल्डिंगीला ऐकू जाईल असं म्हणाले. "कधीच नव्हतं."

पण बोलता बोलता त्यांची नजर बटव्यावर गेली होती, आणि तिनं ती पकडली होती.

"नजर गेली, साहेब."

पैठणकरांनी उभा जन्म दुसऱ्यांचे काटे तपासले होते. त्यांचा आज कुणीतरी तपासला होता, आणि तो खोटा निघाला होता. "गेली," ते म्हणाले.

दगडाबाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं बटव्यातून उमाताईंनी दिलेला डिंकाचा एक लाडू काढला, त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "तोंड तरी सरळ बोललं." आणि ती रिक्षा बघायला रस्त्यावर गेली.